उंबरझरीच्या कार्यघरातला रिकामा कोनाडा

उंबरझरीला आलात की कार्यघर शोधावे लागत नाही. एसटीतून उतरल्यावर समोर जी काळ्या दगडाची लांबलचक कौलारू इमारत दिसते, तेच. दारावर नगरपंचायतीने 'बहुउद्देशीय सभागृह' अशी निळी पाटी ठोकली आहे. ठोकू द्या. गावात सगळे कार्यघरच म्हणतात, कारण इथे कार्ये होतात. लग्ने, मुंजी, बारशी, तेरावे. प्लेगाच्या सालात इथे खाटा लागल्या होत्या. दुष्काळात सरकारी ज्वारीची पोती रचली होती. पुराच्या साली खालच्या आळीतली चाळीस घरे म्हशींसकट इथे राहिली आणि म्हशींनी कुणालाच झोपू दिले नाही. शाळा पडली तेव्हा दोन वर्षे चौथीपर्यंतचे वर्ग इथेच भरले. आता मतदान इथे, लसीचे शिबिर इथे, आणि एरवी मोकळे असले की बचतगटाच्या बायका पापड लाटायला इथेच बसतात.

आत जायचे तर चपला बाहेर. मग वर बघा. भिंतींच्या वरच्या अंगाला ओळीने काळी गोल तोंडे दिसतील. ती बिळे नव्हेत, मडकी आहेत. भिंत बांधतानाच आत बसवलेली, तोंड आपल्याकडे करून. एकशे एकोणीस आहेत. समोरच्या टोकाला असलेल्या चौथऱ्याच्या बरोबर वर, मधोमध, एक मोठा कोनाडा आहे. तो रिकामा आहे. त्याच्या खाली चौथऱ्यात एक चौकोनी दगड आहे, पायांनी गुळगुळीत झालेला. त्या दगडावर उभे राहून ओठांतल्या ओठांत काही बोला, पार शेवटच्या दाराशी बसलेल्या म्हातारीला ते कानात सांगितल्यासारखे ऐकू जाते. पुण्याचे लोक यंत्रे घेऊन आले, दोन दिवस मोजमाप केले, आणि गावाला जे आधीच ठाऊक होते तेच कागदावर लिहून पाठवले. कोनाड्यात मडके का नाही, हे मात्र यंत्राला कळत नाही. ते सांगावे लागते.

मागच्या माघात एक जर्मन गृहस्थ आले होते. जाधव गुरुजींची वैजयंता तिकडे सून म्हणून गेली आहे, तिचे सासरे. नाव योआखिम. गावाने दोन दिवसांत त्यांचे योआखिमराव करून टाकले. तिकडच्या त्यांच्या गावातही असेच एक सभागृह आहे, आणि त्याची व्यवस्था ते जन्मभर पाहत आले, त्यांच्या आधी त्यांचे वडील पाहत. त्यामुळे आपल्या कार्यघराची किल्ली सांभाळणाऱ्या दगडूअण्णांशी त्यांचे लगेच जमले. मध्ये वैजयंता बसली, इकडचे तिकडे करायला. योआखिमरावांनी आपल्या सभागृहाची कूळकथा सांगितली. शंभर वर्षांपूर्वी गावाने मिळून बांधले. आधी गायनमंडळ, नाच, कसरतीचे खेळ. मग युद्ध संपल्यावर घरदार गमावून आलेली माणसे तिथे दोन वर्षे राहिली. मग पुन्हा नाच, लग्ने, रक्तदान, सोंगे काढायचा सण, म्हाताऱ्यांसाठी बुधवारची कॉफी.

"म्हणजे आमच्यासारखंच की," दगडूअण्णा म्हणाले. "फक्त म्हशी नाहीत."

मधली काही साले योआखिमरावांनी गाळली होती. ते त्या वेळी कुणाच्या ध्यानात आले नाही. त्यांनी वर बोट दाखवून विचारले, ते एक मडके फुटले का?

"फुटलं नाही," अण्णा म्हणाले. "बसवलंच नाही." आणि चौथऱ्याच्या कडेला टेकून त्यांनी सांगायला घेतले. गावात हे असे सांगतात.

सनावळी कुणी विचारू नये. फार जुन्या काळी उंबरझरीत कार्ये उघड्यावर होत. एका वैशाखात भर लग्नात गारा पडल्या, मांडव वऱ्हाडाच्या डोक्यावर बसला, आणि नवरदेव बाशिंगासकट गोठ्यात सापडला म्हणे. तेव्हा पाटलीण भिवराबाईने मनात घेतले, गावाला पक्के घर हवे. पाटील होते, पण ते बहुतेक झोपाळ्यावर होते. गाव भिवराबाई चालवी. बाई करारी. दगड फोडायला, चुना मळायला घरटी एक माणूस तिने उभा केला आणि कुणाची नाही म्हणायची छाती झाली नाही. भिवराबाईचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, असे गाव म्हणे. हे बाईच्या कानावर होते, आणि तिला ते फार आवडे.

भिंती कमरेएवढ्या आल्या तेव्हा कोंडाई कुंभारीण एक दिवस तिथे आली. नवरा मागे गेलेला, घरात एक लेक, ताना. चाक बाईने फिरवायचे नाही असा रिवाज, म्हणून कोंडाई हाताने मडकी घडवी. आतून दगडाचा गुंडा धरायचा, बाहेरून लाकडी थापटणे मारायचे. तिने त्या अर्ध्या भिंतींमध्ये उभे राहून टाळी वाजवली. मग चार पावले सरकून पुन्हा वाजवली.

"पाटलीणबाई, ह्या घरात माणूस बोलेल आणि कुणाला कळणार नाही," ती म्हणाली. "लांब घर, कोरी भिंत. आवाज आपटत बसंल. भिंतीत मडकी घाला. माझ्या आज्यानं एका मठात घातली होती. मंगलाष्टकातलं अक्षर न् अक्षर शेवटल्या माणसाला कळायचं."

"किती लागतील?"

"सहा विसा."

"एकशे वीस? वर्ष जाईल की तुझं. बाजाराला काय नेशील?"

"काही न्यायची नाही."

"मग घेशील काय?"

कोंडाईने पदर सावरला. "दाणे सगळ्यांना देता तेवढेच द्या. पण ह्या घरात पहिलं कार्य माझ्या तानाचं होऊ द्या. पोरीला बाप नाही. सासरी कुणी विचारलं, तू कुणाची गं, तर तिला सांगता आलं पाहिजे, उंबरझरीच्या कार्यघरातली पहिली नवरी मी."

भिवराबाईला तिचे ते मागणे आवडले. असे मागायला ताठ कणा लागतो, आणि तिला ताठ माणसे आवडत, निदान दुरून.

"दिला शब्द," ती म्हणाली.

तिथे तिसरे कुणी नव्हते. कोंडाईने दाखवायला आणलेली सात-आठ मडकी तेवढी गवतावर मांडलेली होती, तोंडे वर करून.

वर्षभर कोंडाई आणि ताना राबल्या. माती चाळायची, लीद मिसळायची, तुडवायची, थापायची, भट्टी लावायची. निघालेल्या प्रत्येक मडक्यावर कोंडाई बोटाचे पेर वाजवी आणि कान लावून ऐके. पसंत पडले तर भिंतीत, नाही तर पाणपोईला. भिवराबाई रोज येऊन उभी राही. एखाद्या मडक्यात तोंड घालून हळूच हुंकार भरी आणि पोरीसारखी हसे. असे सांगतात, त्या वर्षात दोघींचे चांगले जमले होते. म्हणून पुढचे जास्त लागते.

एकशे एकोणीस बसली. राहिले एक, सगळ्यांत मोठे, चौथऱ्यावरच्या कोनाड्याचे. त्याचे काम वेगळे होते. कोंडाई म्हणाली, "बाकीची मडकी ऐकलेलं पुढं धाडतात. हे पोटात ठेवंल. चौथऱ्यावर दोन माणसं आपसांत बोलली तर ते खाली जायला नको. हे बसंपर्यंत इथं माणसं जमवू नका, पाटलीणबाई."

ते एवढे मोठे मडके भट्टीत दोनदा तडकले. तिसऱ्यांदा थापले. तोवर तानाचे ठरले होते, चैत्रातली तिथी निघाली होती, आणि सोयऱ्यांना सांगून झाले होते की लग्न नव्या कार्यघरात आहे.

नेमके त्याच सुमारास भिवराबाईच्या लेकीला, सगुणेला, कारंडवाडीच्या देशमुखांचे स्थळ आले. मोठे घर, घोडी दारात. देशमुखीणबाईंनी निरोप धाडला, साखरपुडा तुमच्या नव्या कार्यघरात करू, मात्र आधी दुसऱ्या कुणाचे कार्य तिथे झालेले नसावे. निरोप्या ओसरीवर ताक पीत बसला होता. भिवराबाईने त्याचा पेला रिकामा व्हायच्या आत हो म्हणून टाकले.

हो म्हटल्यावर तिला कोंडाई आठवली. मग तिने स्वतःची समजूत घालायला घेतली, आणि त्या कामात बाई हुशार होती. साखरपुडा म्हणजे काही लग्न नव्हे. पहिले लग्न तानाचेच होईल, म्हणजे शब्द राहिलाच. शिवाय कोंडाई समजूतदार आहे. शिवाय हा गावाच्या अब्रूचा प्रश्न आहे. इतकी कारणे सापडली तेव्हाच तिला कळायला हवे होते. खऱ्या गोष्टीला एवढी कारणे लागत नाहीत. कोंडाईकडे जाऊन सांगावे असे तिच्या दोनदा मनात आले आणि दोनदा तिने दुसरे काम काढले. शेवटी दवंडी पिटली तेव्हा सगळ्या गावाबरोबर कोंडाईलाही कळले, कार्यघराची पूजा आहे, या. साखरपुड्याचे दवंडीत नव्हते. चौथऱ्यावरचा रिकामा कोनाडा वाईट दिसत होता, म्हणून भिवराबाईने त्यावर आंब्याच्या पानांचे दाट तोरण सोडले.

तो दिवस उजाडला. घर माणसांनी भरले. चौथऱ्यावर देशमुखमंडळी, पाटील, भटजी, हिरव्या शालूतली सगुणा. कोंडाई तानाला घेऊन आली आणि रिवाजाप्रमाणे मागच्या ओळीत बसली. मोठे मडके तिच्या भट्टीत अजून निवत होते. पूजा झाली. मग साखरपुड्याची ताटे निघाली. मागे बसलेल्या कोंडाईने ती ताटे पाहिली आणि मान थोडी पुढे काढली. काहीतरी चुकून दिसतेय, असे तिला वाटले असावे.

चौथऱ्यावर भिवराबाईची धाकटी जाऊ सारजा कुंकवाचा करंडा घेऊन तिच्याजवळ सरकली. दोघी नेमक्या त्या दगडावर होत्या.

"आक्का," सारजा कुजबुजली, "कोंडाई मागं बसलीय. पहिलं कार्य तानाचं, असं तुम्ही तिला कबूल केलं होतं म्हणे?"

भिवराबाईने चेहऱ्यावरचे हसू न मोडता, ओठ जेमतेम हलवत उत्तर दिले. "कबूल केलं त्याला साक्षीदार कोण आहे? मडकी बोलणार आहेत होय?"

आणि मडकी बोलली.

मोठ्याने नाही. म्हणतात, तेच तर भयंकर होते. प्रत्येकाला वाटले, पाटलीणबाई आपल्याच कानाशी लागून बोलल्या. पुढच्या ओळीतल्या सावकाराला, खांबाला टेकलेल्या आंधळ्या गुरवाला, दाराशी उभ्या असलेल्या गुराख्याला, सगळ्यांना, तिच्याच आवाजात, आतल्या हसण्यासकट. भटजींचे मंत्र थांबले. मग तोच आवाज फिरून चौथऱ्यावर आला आणि भिवराबाईनेही तो ऐकला. मडकी बोलणार आहेत होय. आपला आवाज असा असतो, हे तिला ठाऊक नव्हते.

तिने खाकरून पाहिले. ते खाकरणेही सगळ्या घराने ऐकले. तिने हात खाली घेतला तर बांगड्या वाजल्या, आणि त्या बांगड्या शेवटच्या दारापर्यंत वाजत गेल्या. मग ती हललीच नाही. श्वाससुद्धा जपून घेऊ लागली. समोर सहाशे माणसे होती आणि त्यांतले एकही तिच्याकडे बघत नव्हते. सगळे आपापल्या गुडघ्यांकडे बघत होते. एवढ्या माणसांना आपण खाली बघायला लावले, असे तिच्या मनात आले, आणि तिच्या कानांच्या पाळ्या भाजल्यासारख्या झाल्या.

देशमुखीणबाईंनी हातातला पेढा ताटात परत ठेवला. "विहीणबाई," त्या शांतपणे म्हणाल्या, "आमच्या शब्दाला तरी कुणी साक्षीदार आहे का?"

सगुणेने आईकडे पाहिले नाही. त्या दिवशी नाही आणि पुढेही बरेच दिवस नाही.

मागच्या ओळीत कोंडाई उठली. तिचा आवाज चढलेला नव्हता. त्या घरात चढवायची गरजच नव्हती.

"मडकी माझी आहेत, पाटलीणबाई. त्यांचं काही चुकलं असंल तर मला सांगा."

थोडा वेळ ती थांबली, खरोखर उत्तराची वाट बघितल्यासारखी. मग तिने तानाचा हात धरला आणि ती निघून गेली. कोंडाईने शाप दिला असे काही लोक सांगतात. ते खोटे आहे. शाप द्यायला तिला सवड कुठे होती? लेकीचे लग्न पाच दिवसांवर आले होते.

ते लग्न कुंभारवाड्यात लागले, भट्टीच्या अंगणात. चार बांबू, वर कांबळी. सोयऱ्यांना पक्के घर सांगितले होते आणि मिळाली राख झाडलेली जमीन. त्यांनी काय ऐकवले असेल ते ज्याचे त्याने समजावे. गावातून तिथे कुणी गेले नाही. रागाने नाही, लाजेने. जो तो म्हणाला, तोंड कसे दाखवायचे. आपापल्या घरात बसून सगळ्यांनी दूरची सनई ऐकली, आणि त्या न जाण्यानेही कोंडाईचेच नाक कापले गेले, हे कुणाच्या डोक्यात आले नाही. भिवराबाई मात्र निघाली होती. नवे लुगडे, खण, नारळ घेऊन विहिरीपर्यंत गेली. तिथे सनईचा सूर अंगावर आला. ती काठावर टेकली, नारळ मांडीवर घेऊन, आणि अक्षता पडल्याचा गलका झाल्यावर उठून घरी परतली.

दोन दिवसांनी ती कुंभारवाड्यात गेली. कोंडाई अंगणात माती तुडवत होती. पाय थांबले नाहीत.

"बस म्हणशील का?" भिवराबाईने विचारले.

"बसा की. चिखल आहे, लुगडं सांभाळा."

भिवराबाई बसली नाही. वाटेत ठरवून आणलेले तिने घाईघाईने सांगून टाकले. दरसाल कार्यघरातले पहिले लग्न कुंभारवाड्याचे. गावासमक्ष ठराव करते. पिढ्यान् पिढ्या चालेल.

"पहिलं एकदाच असतं, पाटलीणबाई."

"मग मी काय करू, ते तू सांग."

"ते मी कशाला सांगू?" कोंडाई म्हणाली. तिने पाय धुतले, आत गेली, आणि दोन्ही हातांनी कवळून ते मोठे मडके बाहेर आणले. काळेभोर, गोल, एकही तडा नसलेले. "हे न्या. कोनाड्यात बसवा. चुना लावून घ्या म्हणजे हलणार नाही. मग चौथऱ्यावर कोण काय कुजबुजलं, कुणाला कळायचं नाही. तुमचं तुमच्यापाशी राहील. काम अर्धं सोडायची आमची रीत नाही."

ही मेहरबानी होती की मार होता, हे भिवराबाईला कळले नाही. सांगणाऱ्यांनाही अजून कळलेले नाही.

तिने मडके डोक्यावर घेतले. आयुष्यात कधी पाण्याची घागर उचलली नव्हती, मान लटपटत होती. भर सकाळी बाजारपेठेतून ती चालली. लोकांनी तिला पाहिले आणि तोंडे फिरवली. कुणी दुकानात वळले, कुणी उगाच बैलाची शिंगे पाहू लागले. हसले असते तर बरे झाले असते. आपल्याला लाज वाटू नये म्हणून माणसे तोंड फिरवताहेत, हे तिला सगळ्यात जड गेले.

कार्यघरात राहिलेले काम उरकायला गवंडी चुना कालवून बसलाच होता. शिडी लावलेली होती. भिवराबाईने मडके त्याच्या हाती दिले नाही, स्वतः चढली. तोरण सुकले होते, ते तिने ओढून काढले. कोनाडा उघडा पडला. ती त्याच्यासमोर मडके धरून उभी राहिली आणि धापा टाकू लागली, आणि त्या रिकाम्या घरात तिच्याच धापा चारी भिंतींवरून तिला परत ऐकू येऊ लागल्या.

एवढेच करायचे होते. मडके आत सारायचे. मग हे घर गप्प होईल. पाच-पंचवीस वर्षांत ऐकणारी माणसे जातील, पुढची पोरे म्हणतील, असे काही झालेच नाही, भिंती कुठे बोलतात. तिला ते हवे होते. फार हवे होते. तिने मडके कोनाड्याच्या तोंडाला टेकवले. तसे तिच्या श्वासाचे परत येणे अर्ध्यावर आले, कुणी तोंडावर हात ठेवल्यासारखे. घर मुके होत होते, आणि भिवराबाईला एकदम कळले की आपण दुसऱ्यांदा तेच करतो आहोत. त्या दिवशी साक्षीदार नाही म्हणून शब्द नाकारला. आज साक्षीदाराचेच तोंड बंद करायला शिडी चढलो.

ती खाली उतरली. मडके दाराशी नेऊन ठेवले. मग परत येऊन त्या दगडावर उभी राहिली. घरात एक गवंडी आणि दारातून डोकावणाऱ्या चार बायका.

"मी भिवरा," ती म्हणाली. "कोंडाईला मी शब्द दिला होता, पहिलं कार्य तानाचं. साक्षीला कुणी नव्हतं. मी दिला होता. मी मोडला."

बाहेर रस्त्यावरचे लोक थांबले म्हणे.

त्यानंतर कार्यघरात जे जे कार्य झाले, त्या प्रत्येक कार्यात भिवराबाई आधी त्या दगडावर उभी राहून हे बोलली. लोकांच्या लग्नात, बारशात, बोलावले म्हणून आणि न बोलावता. यजमान कानकोंडे होत. सगुणेचे लग्न दोन वर्षांनी झाले, देशमुखांच्याच मुलाशी, पण कार्यघरात नव्हे, त्यांच्या अंगणात, आणि तीही आईला म्हणाली, "आता पुरे कर, आम्हाला लाज वाटते." भिवराबाई म्हणाली, "वाटू दे." केस पांढरे झाले, आवाज फाटला, तरी घर तिचे अक्षर न् अक्षर शेवटच्या ओळीपर्यंत नेई. कोंडाई मात्र ते ऐकायला एकदाही आली नाही.

बाई गेल्यावर पहिले लग्न निघाले ते एका तेल्याच्या घरचे. सगळे जमले आणि सवयीने गप्प बसले. दगड रिकामा. कुणी काही बोलेना, पुढचे सुरू होईना. मुहूर्त टळायला आला. तेव्हा तो तेली घाम पुसत स्वतःच दगडावर चढला आणि म्हणाला, "ह्या लग्नाला मी थोरल्या भावाला बोलवीन असं आईला मरताना सांगितलं होतं. बोलावलं नाही." आणि माणूस धाडून भावाला आणले, तोवर मुहूर्त दुसरा काढला.

तेव्हापासून रीत पडली. कार्याच्या घरचा यजमान आधी दाराशी ठेवलेल्या त्या मोठ्या मडक्यात स्वतःच्या हाताने पाणी भरतो, मग दगडावर जातो, आणि दिलेला एखादा शब्द मोडला असेल तर सांगतो. नसेल मोडला तर तसे सांगतो, पण तसे सांगणारे थोडे. कोनाडा कुणी बुजवत नाही. नगरपंचायतीने त्यात लाउडस्पीकर बसवायचा ठराव दोनदा तयार केला. तो वाचायला दगडावर जायला कुणी तयार झाले नाही.

दगडूअण्णांनी इथवर सांगितले आणि ते थांबले. योआखिमराव बराच वेळ कोनाड्याकडे बघत होते. मग त्यांनी वैजयंतेमार्फत विचारले, बाहेरच्या माणसाला दगडावर उभे राहता येते का?

"दगडाला काय," अण्णा म्हणाले, "त्याला घरचा कोण आणि बाहेरचा कोण."

ते उभे राहिले. आपल्या भाषेत बोलले, फार वेळ नाही. खाली बचतगटाच्या सात-आठ बायका पापड लाटत होत्या. त्यांना शब्द कळले नाहीत, पण लाटणी आपोआप थांबली. वैजयंता सासऱ्यांच्या शेजारीच उभी होती. तिने ते अण्णांना अगदी हळू, पुटपुटत सांगितले, आणि पायाखाली दगड आहे हे ती विसरली.

"बाबा म्हणताहेत, मधली साले मी मघाशी सांगितली नाहीत. त्या सालांत गावातल्या काही घरांना गाठोडी घेऊन आमच्या सभागृहात आणून बसवलं. ती यहुदी होती म्हणून. दोन दिवस बसवलं, मग घेऊन गेले. त्यांतलं कुणी परत आलं नाही. पुढच्या वर्षी तिथे पुन्हा नाच झाला. गाव ह्यावर बोलत नाही. मीही लोकांना सभागृह दाखवताना बोलत नाही. त्या दोन दिवसांत दाराची किल्ली माझ्या वडिलांकडे होती."

एकशे एकोणीस मडक्यांनी ते शेवटच्या पोळपाटापर्यंत नेले.

दगडूअण्णांचा हात कमरेच्या किल्लीवर गेला आणि तिथेच राहिला. थोड्या वेळाने योआखिमरावांनी विचारले, इथे सांगून झाल्यावर माणूस पुढे काय करतो?

"पाणी पितो," अण्णा म्हणाले, "आणि घरी जाऊन तेच सांगतो. इथं सांगणं सोपं आहे."

त्यांनी दाराशी जाऊन मडक्यातले पाणी भरून आणले. योआखिमराव दोन्ही हातांनी पेला धरून ते प्याले.

आणखी एक सांगायचे राहिले. कोंडाईच्या वंशातले एकही लग्न आजवर कार्यघरात लागलेले नाही. त्यांना कुणी अडवले नाही, हजारदा विनवले. ते नको म्हणतात आणि भट्टीच्या अंगणात चार बांबू उभे करतात. म्हणून तुम्ही याल त्या दिवशी कार्यघराला कुलूप दिसले, तर चौकशी करत बसू नका. कुंभारवाड्यात लग्न आहे, असे समजा. त्या दिवशी इथे दुसरे कार्य होत नाही, मग मंत्री येवो की आणखी कुणी. कुंभारवाडा कधी गावाला बोलावणे धाडत नाही. सनईचा पहिला सूर आला की आजही सगळे गाव न बोलावता तिथे जाते, आणि आजही मागच्या ओळीत बसते.